बडा भाई, छोटा भाई

मराठी मुलखातील ख्रिस्ती मिशनांच्या कार्याचा विषय निघाला की आपल्याकडे दोन ठरीव मते ताबडतोब समोर येऊन उभी राहतात. मिशनांनी शाळा काढल्या, इस्पितळे उभारली, दुष्काळात अनाथ झालेली मुले सांभाळली, मुलींच्या हाती पाटी दिली, असे एक पक्ष कृतज्ञतेने सांगतो; आणि हे सारे जाळ्याखाली पसरलेले दाणे होते, असे दुसरा पक्ष तितक्याच ठामपणे म्हणतो. गंमत अशी की पुराव्यादाखल दोन्ही पक्ष एकच दप्तर उघडतात, आणि ते म्हणजे बाप्तिस्म्यांची नोंदवही. तिच्यातील आकडा एकाला यशाचा दाखला वाटतो, दुसऱ्याला गुन्ह्याचा. सुमारे नव्वद वर्षांपूर्वी दोन तरुणांनी ही वही मिटून बाजूला ठेवली, आणि शेजाऱ्यावर प्रीती करण्याची जी आज्ञा ख्रिस्ती घरांतील मुले रविवारच्या शाळेत पाठ म्हणतात तिचा अर्थ परक्या गावात बिऱ्हाड करून लागतो का, हे पाहण्यासाठी ते मध्यप्रांतातील एका डोंगराळ खेड्यात जाऊन राहिले. त्यांपैकी एक इंग्रज होता, दुसरा मराठी. इंग्रजाचे नाव जगाला ठाऊक आहे. मराठी माणसाचे नाव मराठी वाचकालाही ठाऊक नसावे, ही गोष्ट मला बरेच दिवस खटकत आली आहे.

या हकिकतीचा उगम अहमदनगरात आहे. सरकारदप्तरी आता त्या शहराचे नाव अहिल्यानगर असे झाले असले, तरी मराठी ख्रिस्ती समाजाच्या बोलण्यात ते अजून नुसते ‘नगर’ आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले पाद्री १८१३ साली मुंबईस उतरले आणि १८३१ साली नगरास पोचले. पुढे इंग्लंडच्या चर्चचे मिशनही तेथे आले. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळात अन्नाच्या व कामाच्या आशेने मिशनच्या दाराशी आलेल्यांतून पुष्कळजण ख्रिस्ती झाले, आणि ‘पोटासाठी बाटले’ हा शेरा त्यांच्या नातवंडांच्या कपाळीही कायमचा बसला. ज्या माणसांना गावाने विहिरीवर पाणी भरू दिले नव्हते, त्यांनी जेथे पाणी मिळाले तेथे ते घेतले, यात शेरा मारण्याजोगे काय आहे, हे मला कधी कळलेले नाही. परंतु मिशनच्या बाजूनेही एक व्यंग राहून गेले होते. गोरा मिशनरी बंगल्यात राही, त्याचा मराठी सहकारी आवाराच्या कडेच्या खोल्यांत. एक पगार देई, दुसरा घेई. आणि दोघे मिळून ज्या प्रभूच्या नावाने उपासना चालवीत तो तर सुताराच्या घरी वाढलेला. सेवा जेथे देणाऱ्याच्या ओट्यावरून घेणाऱ्याच्या अंगणात उतरते, तेथे स्नेह कसा जुळावा?

हे शल्य रेव्हरंड नारायण वामन टिळकांइतके तीव्रतेने फार थोड्यांना जाणवले असेल. कोकणातील ब्राह्मण कुळात जन्मलेले, १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतलेले हे कवी मिशनच्या चाकरीत वर्षानुवर्षे राहिले खरे, पण वेतनाच्या दोरीने बांधलेले ख्रिस्तीपण त्यांना अखेरपर्यंत मानवले नाही. १९१७ साली, म्हणजे मृत्यूच्या अवघी दोन वर्षे आधी, त्यांनी चाकरी सोडून संन्यस्त वृत्ती पत्करली व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तानुयायी बसावेत, असा त्यांचा मानस होता. दरबार फार दिवस भरला नाही. १९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले. परंतु त्यांच्या कल्पनेने एका इंग्रज धर्मोपदेशकाच्या मनात घर केले. नगर जिल्ह्यात काम करणारे, ऑक्सफर्डचे पदवीधर असलेले जॅक विन्स्लो हे ते गृहस्थ. टिळकांचे इंग्रजी चरित्र त्यांनीच लिहिले व ते १९२३ साली प्रसिद्ध झाले.

विन्स्लो यांनी १९२२ साली नगरास ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला. संघाची कल्पना सांगायला सोपी आणि त्या काळी आचरायला विलक्षण अवघड होती. हिंदी व इंग्रज तरुणांनी एका छपराखाली, एका पंक्तीला, बरोबरीच्या नात्याने राहावे. मांडी घालून जमिनीवर बसावे, हाताने जेवावे, मांसाहार टाळावा, पोशाख साधा व देशी असावा. प्रार्थना चालावी ती आपल्या सुरांत. आणि मालमत्ता कोणाचीच खाजगी नसावी. पावसाळाभर अध्ययन व प्रार्थना, आणि रस्ते सुकले की गावोगाव भ्रमंती, असा या मंडळींचा शिरस्ता होता. चातुर्मास पाळणाऱ्या साधूंच्या या देशात त्याचे नवल वाटायचे कारण नव्हते; नवल वाटले ते छावणीतल्या साहेबांना, ज्यांना आपला एखादा बंधू अनवाणी पंगतीला बसतो ही गोष्ट राज्याच्या इभ्रतीला बाधक वाटे.

पुढे संघाचे ठाणे पुण्यास हलले व आज ज्याला शिवाजीनगर म्हणतात त्या भागात आश्रम उभा राहिला. १९२७ च्या अखेरीस विन्स्लो इंग्लंडहून तरुणांची एक तुकडी बरोबर घेऊन आले. विद्यापीठांतून तावूनसुलाखून निघालेली ही पोरे. कोणाला पाळकाची नेमणूक, कोणाला महाविद्यालयातील अध्यापकी सहज मिळाली असती. त्यांतील ॲल्जी रॉबर्टसन हे तर विद्यार्थ्यांच्या ख्रिस्ती चळवळीत मुरलेले कार्यकर्ते. प्रकृतीने साथ न दिल्याने ते मायदेशी परतले, पण पुण्यात जे पाहिले व पाळले ते त्यांनी तेथेही सोडले नाही. इंग्लंडच्या चर्चमध्ये संत फ्रान्सिसच्या नावाचा जो बंधुसंघ १९३७ साली आकाराला आला, त्याच्या संस्थापकांत हे रॉबर्टसन होते. मिशनच्या इतिहासात पश्चिमेकडून पूर्वेकडे काय आले याच्या याद्या पुष्कळ मिळतात. मुळा-मुठेच्या काठचा एक नेम उलट दिशेने गेला, हे त्या याद्यांत सहसा नसते.

याच तुकडीत पंचवीस वर्षांचे व्हेरियर एल्विन होते. बिशपचे चिरंजीव, ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय आणि ईश्वरविज्ञान या दोन्ही विषयांत पहिल्या वर्गाचे मानकरी. आपल्या जातभाईंनी हिंदुस्थानातून फार काही नेले, तेव्हा घराण्यातील एकाने तरी द्यायला जावे, अशा प्रायश्चित्ताच्या भावनेने आपण आलो, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. आल्यावर दोन महिन्यांच्या आत, १९२८ च्या जानेवारीत, सर्वधर्मीयांच्या एका परिषदेसाठी ते साबरमतीस गेले व गांधींना पाहून जे भारावले ते वर्षानुवर्षे त्याच भारात राहिले. खादी आली, सूत आले, आणि त्यांच्या पाठोपाठ पोलिसांची पाळतही आली. विन्स्लो आणि एल्विन यांनी मिळून हिंदी स्वातंत्र्याच्या उषःकालावर लिहिलेले पुस्तक १९३१ साली लंडनमध्ये निघाले. राजाच्या चर्चचे दोन धर्मोपदेशक राजाच्या साम्राज्याच्या विसर्जनाची वकिली करीत आहेत, हे दृश्य सरकारदरबारी कसे दिसले असेल याची कल्पना वाचकाने करावी.

पुण्याच्या या आश्रमातच एल्विन यांची गाठ शामराव हिवाळे या त्यांच्याच वयाच्या मराठी ख्रिस्ती तरुणाशी पडली. दोघांची मैत्री जडली ती आयुष्यभराची. शामराव विद्वान म्हणून मिरवणारे नव्हते. ज्याला माणसे लागतात आणि जो माणसांना लागतो, अशा जातीचे ते होते. दारात आलेल्याचे गाऱ्हाणे पुरते ऐकून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि कोणत्याही अनोळखी माणसाशी घटकाभरात घरोबा करण्याची हातोटी त्यांच्यापाशी होती. एल्विन यांना ग्रंथांतून आणि ध्यानातून जे शेजारपण शिकावे लागले, ते शामरावांना बहुधा घरच्या ओट्यावरच मिळाले असावे.

१९३१ साली एल्विन संघातून बाहेर पडले. दरिद्रनारायणाची सेवा करावयाची तर आश्रमाच्या कुंपणापलीकडे गेले पाहिजे, एवढे निश्चित होते. कोठे जावे हे निश्चित नव्हते. सल्ला दिला तो गांधींचे निकटचे सहकारी जमनालाल बजाज यांनी. मिशनऱ्यांनी आणि काँग्रेसने सारखेच उपेक्षिलेले गोंड लोक मध्यप्रांतात लक्षावधी आहेत, तिकडे जा, असे त्यांचे म्हणणे पडले. परंतु जाण्यापूर्वी नियतीने एक प्रसंग दाखवला. १९३२ च्या ४ जानेवारीस पहाटेच्या अंधारात गांधींना मुंबईच्या मणिभवनातून अटक झाली, तेव्हा एल्विन त्या घरीच मुक्कामाला होते. वार सोमवार, म्हणजे मौनाचा. पोलीस अधिकारी उभे, भोवती माणसांची दाटी, आणि गांधी शिसपेन्सिलीने चिठ्ठ्या लिहीत आहेत. त्यांपैकी एक चिठ्ठी त्यांनी एल्विन यांच्यासाठी लिहिली, आणि आपले इंग्रजांवर स्वदेशबांधवांइतकेच प्रेम आहे, हा निरोप तुमच्या देशबांधवांना पोचवा, असे तिच्यात सांगितले. शत्रूच्या हाती पकडवारंट असताना त्याच्यावरील प्रीतीचा निरोप धाडणारा हा बिगर-ख्रिस्ती माणूस पाहिल्यावर, गोंडांना प्रीतीचा उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे, हा प्रश्न त्या तरुण धर्मोपदेशकाच्या मनात आला नसता तरच आश्चर्य.

त्याच महिन्याच्या अखेरीस एल्विन आणि शामराव मंडला जिल्ह्यातील करंजिया या गावी पोचले. मैकल पर्वताच्या रांगांत, नर्मदेच्या उगमापासून फार दूर नसलेले हे खेडे. जवळचा लोहमार्ग बिलासपूर-कटनीचा, आणि तेथून पुढे जंगल, घाट व बैलगाडीची चाकोरी. गावाजवळच्या टिकेरी टोल्यावर त्यांनी कुडाच्या व मातीच्या झोपड्या उभारल्या. आश्रमाला नाव दिले संत फ्रान्सिसचे. त्यातून जी संस्था उभी राहिली तिचे नाव ‘गोंड सेवा मंडळ’. देवाचे नाव झोपडीपाशी ठेवून संस्थेच्या पाटीवर गोंडांचे नाव घालावे, यात दोघांचा कल स्पष्ट दिसतो.

सेवा म्हणजे प्रत्यक्षात काय, हे येथे जरा सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आपल्या भाषणांतून हा शब्द इतका गुळगुळीत झाला आहे की त्याच्यामागची दुर्गंधी व थकवा कोणाच्या ध्यानात येत नाही. करंजियाच्या दवाखान्यात डॉक्टर नव्हता. हिवतापाने कुडकुडणारी माणसे, खरजेने अंग सोलून निघालेली मुले, चिघळलेली गळवे, गुप्तरोग, आणि बोटे झडलेले महारोगी, अशी माणसे दारात येत, आणि त्यांच्यापुढे उभे राहत ते वैद्यकाचे रीतसर शिक्षण नसलेले दोन तरुण. क्विनाइन द्यावे, जखम धुवावी, मलम लावून पट्टी बांधावी, आणि जेथे औषध नाही तेथे निदान शेजारी बसावे. महारोग्यांसाठी त्यांनी निराळे निवासस्थान उभारले. महारोगावर हमखास गुण देणारे औषध त्या काळी निघालेले नव्हते. स्पर्शाची भीती मात्र सर्वत्र होती, आणि गावाने वाळीत टाकलेल्या माणसाला राहायला जागा व बोलायला माणूस देणे हाच पुष्कळसा उपचार होता. शाळा निघाल्या. तंटे येऊ लागले: बायको पळाली, बैल मेला, सावकाराने पावती दिली नाही, जंगलखात्याच्या शिपायाने लाकडाची मोळी हिसकावून घेतली. गोंडांनी एल्विन यांना ‘बडा भाई’ व शामरावांना ‘छोटा भाई’ म्हणायला सुरुवात केली होती. आणि दोघांचा पत्रव्यवहार, दैनंदिनी व पुढील ग्रंथ चाळले की ध्यानात येते, दवाखाना, शाळा, तंटे आणि पाहुणे यांचा रोजचा गाडा मुख्यतः छोट्या भाईच्या खांद्यावर होता. बडा भाई लिहीत असे.

हे मी दोष म्हणून नोंदवीत नाही. लिहिणेही सेवाच आहे, आणि एल्विन यांनी आपल्या मित्राचे ऋण आत्मचरित्रात भरघोस मान्य केले आहे. पण वाटणी कशी होती ते सांगितल्यावाचून पुढील हकिकत नीट उमगणार नाही.

पहिला खटका उडाला तो चर्चशीच. करंजिया ज्यांच्या धर्मप्रांतात येई त्या नागपूरच्या बिशपांनी, अलेक्स वुड यांनी, एल्विन यांना धर्मकार्याचा परवाना देण्याचे नाकारले. बिशपांना राजनिष्ठेची शपथ हवी होती आणि सुवार्ताप्रसाराची हमी हवी होती. एल्विन यांना राजनिष्ठेची शपथ घेणे शक्य नव्हते, आणि गोंडांना ख्रिस्ती करण्यासाठी आपण येथे आलेलो नाही, हे त्यांनी उघड सांगितले होते. सरकारचेही दडपण होतेच. १९३२ साली ते इंग्लंडला जाऊन परत येऊ लागले तेव्हा पारपत्राची अडवणूक झाली, आणि राजकारणात भाग घेणार नाही अशी लेखी कबुली दिल्यावरच त्यांना हिंदुस्थानात पाऊल टाकता आले. बिशपांची बाजूही समजून घेतली पाहिजे. धर्माज्ञा घेतलेला उपदेशक धर्म सांगणार नसेल तर त्याची नेमणूक कशासाठी, हा प्रश्न कोणत्याही संस्थाचालकाला पडेल. परंतु शुभवर्तमानातील त्या जुन्या कथेत वाटेवर लुटून टाकलेल्या माणसाच्या जखमा बांधणारा शोमरोनी त्याचा पंथ विचारीत नाही, आणि धर्मशाळेच्या मालकापाशी पैसे ठेवून निघून जाताना त्या जखमीकडून कसलाही मुचलका लिहून घेत नाही. या मुद्द्यावर माझा निकाल करंजियाच्या बाजूने आहे. १९३५ साली एल्विन यांनी इंग्लंडचे चर्च सोडले.

त्यानंतरची आदिवासींचे अभ्यासक म्हणून त्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. ‘द बैगा’ १९३९ साली, ‘द अगारिया’ १९४२ साली, मुरिया आदिवासींच्या घोटुलावरील, म्हणजे युवागृहावरील, बृहद्ग्रंथ १९४७ साली. १९५४ मध्ये भारताचे नागरिकत्व आणि ईशान्य सीमा प्रदेशाच्या प्रशासनाचे सल्लागारपद. १९६१ मध्ये पद्मभूषण. १९६४ च्या फेब्रुवारीत दिल्लीस मृत्यू. आणि मृत्यूनंतर आत्मचरित्रास साहित्य अकादमीचे पारितोषिक. टीकाही झाली. आदिवासींना अलग कोंडून ठेवू पाहणारा म्हणून मुंबई विद्यापीठातील डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ च्या आपल्या ग्रंथात त्यांच्या मतांचा परखड समाचार घेतला. घुर्ये मालवणचे, संस्कृतज्ञ, शिस्तीचे. एल्विन कवी वृत्तीचे, जंगलात बिऱ्हाड केलेले. वाद वाचताना पुरावा कधी एकाकडे सरस वाटतो, कधी दुसऱ्याकडे. मात्र घुर्ये यांच्या टेबलावर जो गोंड जनगणनेच्या रकान्यात होता, तो करंजियात दवाखान्याच्या दाराशी बसलेला असे, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आणि मग इतिहासाने एक थट्टा केली. १९४४ च्या सुमारास मंडला जिल्ह्यातील कॅथलिक मिशनऱ्यांनी शाळांच्या वाटेने चालवलेल्या धर्मांतरांविरुद्ध मोहीम उघडली ती याच एल्विन यांनी, आणि त्या कामी आदिवासींत सेवाकार्य करणाऱ्या ठक्करबाप्पांशी त्यांचे सूत जुळले. मिशनरी म्हणून आलेला माणूस मिशनऱ्यांवर जाहीर आरोप करू लागला. त्या मोहिमेतील त्यांची भाषा मला अनेक ठिकाणी अतिरेकी वाटते. गोंडांनी कोणता देव मानावा हे ठरवण्याचा अधिकार फादरांना नसेल तर तो बड्या भाईलाही नव्हता. शेजाऱ्याचा कैवार घेता घेता माणूस कधी त्याचा पालक होऊन बसतो, ते त्याचे त्यालाही कळत नाही.

शामराव या गदारोळात फारसे दिसत नाहीत. गोंड सेवा मंडळाचे मुक्काम बदलले. करंजियाहून हलत हलत ते पाटणगढला स्थिरावले. १९४६ साली शामरावांची दोन पुस्तके निघाली. एक एल्विन यांचे चरित्र. दुसरे नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर. परधान म्हणजे गोंडांचे भाट: बाना नावाचे तंतुवाद्य वाजवीत यजमान गोंडांच्या दारी कुळांच्या कथा गाणारे लोक. हे पुस्तक वाचताना सारखे जाणवते की लेखक निरीक्षणाला आलेला नाही, तो तेथे राहतो. परधानांची लबाडी, त्यांचा विनोद, मानपानावरून होणारे रुसवेफुगवे, यजमानाकडून दान काढण्याच्या त्यांच्या युक्त्या, हे सारे तो अशा मायेने व मिस्कीलपणे सांगतो की आपल्याकडच्या एखाद्या जाणत्या पाटलाने गावच्या बलुतेदारांविषयी बोलावे. एल्विन १९५४ साली ईशान्येस गेले. शामराव पाटणगढला राहिले. त्यांचे निधन १९८४ साली झाले.

याच पाटणगढच्या एका परधान घरातील जनगढसिंह श्याम या तरुणाला १९८० च्या दशकाच्या आरंभी चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्या मंडळींनी हेरले व भोपाळच्या भारत भवनात आणले, आणि भिंतीवरून कागदावर उतरलेली परधानांची चित्रकला पुढे पॅरिसपर्यंत पोचली. तिचे श्रेय शामरावांना देण्याचा माझा मुळीच इरादा नाही. ते जनगढचे व त्याच्या पूर्वजांचे आहे. मात्र जगाने ज्या परधानांना १९८० नंतर पाहिले, त्यांच्या दारात एक मराठी माणूस कित्येक वर्षे आधी जाऊन बसला होता, एवढे सांगणे अप्रस्तुत ठरू नये.

पुण्याच्या आश्रमाचे पुढे काय झाले तेही थोडक्यात सांगतो. १९३४ साली संघ दुभंगला. व्रतस्थ बंधूंचा ‘ख्रिस्त प्रेम सेवा संघ’ वेगळा झाला. त्याचे प्रमुख विल्यम लॅश पुढे मुंबईचे बिशप झाले. हळूहळू माणसे पांगली. १९७२ साली मात्र कॅथलिक आणि अँग्लिकन भगिनींनी मिळून त्या वास्तूत नव्याने आश्रमजीवन सुरू केले, आणि सिस्टर सारा ग्रँट यांच्यासारखी शंकराचार्यांचा अद्वैतविचार कोळून प्यालेली विदुषी तेथे राहून गेली. जी चर्चे एकमेकांच्या वेदीवर प्रभुभोजन घेत नाहीत त्यांच्या भगिनी येथे एका स्वयंपाकघरात होत्या, हीसुद्धा विन्स्लोंच्या पंगतीचीच पुढची पिढी म्हणावी.

आणि आजचे तरुण? नगरच्या एका ख्रिस्ती मंडळीतील तरुण संघाचे काम पाहण्यासाठी मी एका सकाळी त्यांच्याबरोबर सरकारी इस्पितळात गेलो होतो. मला वाटले होते, फळे वाटतील, छायाचित्रे काढतील, एखादे गीत म्हणतील. तसे काही नव्हते. पाच-सहा मुले-मुली केसपेपरच्या खिडकीजवळ उभी होती, आणि तालुक्यातून पहाटेच्या गाडीने आलेल्या, कोणत्या रांगेत उभे राहावे हे न कळणाऱ्या माणसांना हाताशी धरून केसपेपर काढून देणे, रक्त तपासणीची खोली दाखवणे, डॉक्टरांनी काय सांगितले ते पुन्हा सावकाश समजावून देणे, एवढेच त्यांचे काम होते. बारावीत शिकणारी एक मुलगी पाथर्डीकडच्या एका म्हाताऱ्याचे नाव, वय, गाव विचारून घेत होती. केसपेपर हाती आल्यावर म्हाताऱ्याने कोपरीच्या खिशात हात घातला व विचारले, “किती द्यायचे, पोरी?”

“काही नाही, बाबा.”

म्हातारा तिच्याकडे संशयाने पाहत राहिला. फुकट काम करणारा माणूस इस्पितळाच्या आवारात एक तर दलाल असतो नाही तर भामटा, हा त्याचा अनुभव असावा. त्याने तो कागद घडी करून खिशात घातला आणि, मुलगी काही बोलण्यापूर्वीच, दुसरा केसपेपर स्वतःच्या हाताने काढण्यासाठी पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. मुलगी हसली. “असं रोज एक-दोनदा होतं,” ती म्हणाली, आणि पुढच्या बाईकडे वळली.

या मुलांवर एक छोटे संकट आहे. संघाच्या मासिक अहवालात किती जणांना मदत झाली याचा आकडा द्यावा लागतो, आणि वर्षअखेरीस त्यांतले किती जण उपासनेला येऊ लागले याची चौकशीही कोणीतरी वडीलधारे हळूच करतात. चिटणीस मुलगा पहिल्या रकान्यात केसपेपरांची संख्या लिहितो. दुसरा रकाना तो कोरा ठेवतो. मी त्याला करंजियाची हकिकत सांगितली. एल्विन त्याला स्पर्धा परीक्षेच्या टिपणांमुळे माहीत होते, जन्म-मृत्यूच्या सालांसकट. शामराव हिवाळे हे नाव त्याने ऐकलेले नव्हते, त्याच्या पाळकांनीही नव्हते. टिपणांत येतात ती ग्रंथ लिहिणारी माणसे, मलमपट्टी करणारी येत नाहीत, यात त्या मुलाचा काय दोष?

माझ्या मते त्या दोघांत थोरला छोटा भाईच होता. एल्विन यांनी चर्च सोडले, गांधींचा मार्ग सोडला, मध्यप्रांत सोडला, आणि प्रत्येक सोडण्यातून त्यांना काही मोठे गवसले. शामराव ज्या शेजाऱ्यांसाठी गेले होते त्यांच्याच गावात त्यांच्या चहाड्या, तंटे आणि गाणी ऐकत म्हातारे झाले.

वाचकांपैकी नगर, पुणे, सोलापूर वा मुंबई येथील जुन्या ख्रिस्ती घरांतल्या मंडळींना एक विनंती आहे. ख्रिस्त सेवा संघाच्या काळातील पत्रे, छायाचित्रे, उपासनेची हस्तलिखिते, आश्रमाचे अंक, करंजियाहून वा पाटणगढहून आलेली एखादी खुशाली कोणाच्या ट्रंकेत वा माळ्यावर पडून असेल, तर या दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत घालू नका. जवळच्या महाविद्यालयाच्या किंवा धर्मज्ञान विद्यालयाच्या ग्रंथपालाकडे ती स्वतः नेऊन द्या, आणि पोच लिहून घ्या.